विसावा ठिपका

मेहरूण, जळगाव
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

प्रिय दिपा,

खुशाल असशील अशी आशा करते. मी बरी आहे. थंडी ओसरली, दुपारी पंखा लावावा लागतो. मागच्या रविवारी पहूरला जाऊन आले. तुझ्या आईने, प्रमिलाकाकूंनी, तुझ्यासाठी ज्वारीचे बिबडे करून ठेवलेत. "एवढंच सांग, पोर वेळेवर जेवते ना?" म्हणाल्या. मी हो म्हटलं. धुळ्याचं नाव काढलं नाही.

पत्र बेबाबाईंकडे देते आहे, आमच्याकडे पोळ्या करतात त्या. त्यांचं माहेर धुळ्याचं, तासाभरात एसटीने निघतील. तू म्हणशील, फोन असताना कागद कशाला? काल दुपारपासून तुझा फोन बंद लागतोय.

आधी बातमी सांगते. पुण्याच्या वेब कॉन्फरन्सने माझं वर्कशॉप निवडलं. तीन तासांचं! नऊ वर्षं इथल्या क्लासमध्ये पोरांना वेबसाइट बनवायला शिकवते, पण जळगावबाहेर मला कोण ओळखतं? त्यांनी प्रस्ताव मागवले होते. काय शिकवणार, कुणाला, कोणत्या क्रमाने, आणि आधी किमान वीस जणांवर करून पाहिलंय का. माझा विषय होता 'वेबपेजला तुमच्याबद्दल काय काय कळतं'. त्यासाठी नमुन्याचं एक पेज केलं. नाव टाकायचं, परवानगीचं बटण दाबायचं, की नकाशावर तुमचा ठिपका उमटतो. तेच तुलाही पाठवलं होतं. "गंमत म्हणून बघ," असं वर लिहिलं होतं.

तू दाबलंस. रत्नाने पाठवलंय म्हणून दाबलंस.

एकोणीस ठिपके जळगावातले. विसावा तुझा, धुळ्यात देवपूरच्या त्या गल्लीतल्या घरावर, शेजारी तुझं नाव. आठ महिन्यांपूर्वी तू जितेंद्रचा संसार सोडून निघालीस तेव्हा मलासुद्धा नेमकं घर सांगितलं नव्हतंस. प्रस्ताव पाठवायला दोन तास उरले होते. तुला काढलं असतं तर एकोणीसच राहिले असते. निकाल लागला की काढू, असं म्हटलं आणि लिंक जोडून दिली. ते पेज कुणालाही उघडता येत होतं.

विसरले होते असं लिहिणार होते. विसरले नव्हते. रोज एकदा तो ठिपका बघायचे आणि पेज मिटायचे. तीन आठवडे.

शुक्रवारी निकाल आला, तरी तो काढला नाही. आमच्या सरांनी आनंदाच्या भरात ती लिंक क्लासच्या स्टेटसला लावली.

सोमवारी जितेंद्र क्लासमध्ये आला.

"अभिनंदन, रत्नाताई." पेढे आणले होते. खुर्ची ओढून बसला. आवाज तोच, हळू. "एक विचारू? तो ठिपका कितपत बरोबर असतो?"

"कसला बरोबर! दोन-चार किलोमीटर इकडेतिकडे होतो."

"असं?" तो हसला. "मी घरी बसून दाबून पाहिलं. माझा तर नेमका ओट्यावर आला."

तो गेल्या गेल्या मी पेज बंद केलं. तोवर त्याने काय पाहिलं, काय उतरवून घेतलं, कोण जाणे. त्याच संध्याकाळी तुला फोन करायला हवा होता. फोन हातात घेऊन बसून राहिले. ज्याच्या मारामुळे तुझा डावा कान गेला, त्याला तुझं दार मी दाखवलं, हे कोणत्या तोंडाने बोलणार होते? काल दुपारी धीर करून लावला, तर बंद.

मीच निघाले असते. पण काल दिवसभर त्याची मोटारसायकल आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी होती. मी निघाले तर त्याला वाट दाखवल्यासारखं होईल, असं वाटलं. आज सकाळपासून मोटारसायकल दिसत नाही. ते जास्त वाईट आहे.

हे वाचल्यावर सामान आवरत बसू नकोस. बेबाबाईंबरोबर त्यांच्या माहेरी जा. मला शिव्या नंतर दे.

तुझी,
रत्ना


मेहरूण, जळगाव
शनिवार, १५ फेब्रुवारी २०२५

आदरणीय प्रमिलाकाकूंना,
रत्नाचा साष्टांग नमस्कार.

काकू, हे पत्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नका. हळूहळू का होईना, तुम्हीच वाचा. दिपाचा ठावठिकाणा जितेंद्रला माझ्यामुळे लागला. तिला लिहिलेलं पत्र सोबत आहे. त्यात सगळं आहे. तिला ते मिळालं नाही.

बेबाबाई बुधवारी दुपारी पोचल्या तर खोलीचं दार नुसतं लोटलेलं. घरमालकीण म्हणाल्या, "ती त कालच गयी, बाई. मोबाइल देखता देखता उठनी, पिशवी भरी नि चालनी गयी. आज सकायले तिना नवरा उना. तिना खाटवर बसी राहिना, दोन तास."

जितेंद्र यायच्या आदल्याच दिवशी, जाताना दिपा आपला मोबाइल त्यांच्याजवळ ठेवून गेली. रत्नाकडून कोणी आलं तर द्या, एवढंच म्हणाली. तो माझ्यासमोर टेबलावर आहे. तिनेच क्लासच्या स्टेटसला ती लिंक पाहिली असणार आणि ओळखलं असणार. तिला वाचवलं ते तिने स्वतः. मी दोन दिवस शब्द जुळवत बसले होते.

पुण्याला कळवलं, येत नाही. आज पोलिसांत सगळं लेखी देणार आहे, माझ्या करणीसकट.

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण तुम्ही सावध राहायला हवं. काल जितेंद्रने आमच्या क्लासला प्रवेश घेतला. या वयात शिकायची हौस आहे, म्हणून सर खूश आहेत. पहिल्या बाकावर बसला, वहीत नीट लिहून घेत होता. काल तास संपताना त्याने हात वर केला.

"मॅडम, माणसाने फोन टाकून दिला तर त्या माणसाला कसं शोधायचं?"

पोरं हसली. मी म्हटलं, "हा आपला विषय नाही."

"मग कधी शिकवणार?" तो म्हणाला. "मला घाई नाही."

काकू, दिपाचा निरोप तुमच्याकडे आज ना उद्या येईल. तो तुमच्यापाशीच ठेवा. ती कुठे आहे ते मला सांगू नका. मी पहूरला येऊन पाया पडले, रडले, तरी सांगू नका.

तुमच्या लेकीची मैत्रीण म्हणवून घ्यायला आता न धजणारी,
रत्ना