मागच्या सीटचा आवाज

१२ फेब्रुवारी, बुधवार

ठरलं. गाडीचा आवाज बंद करायचा. इंजिनाचा नाही, तो कंपनीचा विषय. रस्त्याचा. टायरखालून घुसतो आणि सगळा पत्रा थरथरवतो, तो.

कारण नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे मन डळमळणार नाही. लेकीला, चारुताला, पाचवा महिना सरत आला. पहिलं बाळंतपण माहेरी. एप्रिलमध्ये तिला सासरहून, रोहण्याहून, वर्ध्याला आणायचं. आज तिच्या सासूबाईंचा माझ्या बायकोला, यशोदाला, फोन. संक्रांतीला त्यांना आमच्या गाडीतून घरी सोडलं होतं, तेव्हापासून कंबर धरली आहे म्हणे. म्हणाल्या, माह्या सुनेले त्या डब्यात बसवून नाई पाठवत मी. नाई तं बाळंतपन इथंच करू, आर्वीले दवाखाने हायेत.

डबा! आधीचा मालक एकच, तोही डॉक्टर.

चारुताचीही गाडीवर अढी असावी. लग्नात वरपक्षाची सजवलेली गाडी ऐनवेळी बंद पडली, म्हणून पाठवणी आमच्याच गाडीतून झाली. मी स्वतः चालवत होतो. रोहण्यापर्यंत मागून एक शब्द नाही. एवढ्या खडखडाटात बोलणार काय? आरशात पाहिलं तर नाकाला शालूचा पदर. म्हणजे धूळही आत येते. दारांची रबरं बघावी लागतील.

माझी पोर माझ्या गाडीतून माझ्या घरी येईल. मध्ये कुणाच्या कंबरेचा संबंध नाही.

२ मार्च, रविवार

सीटकव्हरवाल्या मोतीलालकडे चौकशी. तो म्हणाला, साहेब, पुरी गाडी आतून शीट लावून पॅक करून देतो, तुमचाच श्वास तुमाले ऐकू येईन. म्हटलं विचार करतो. विचार केला. पत्र्यावर काहीतरी जाड चिकटवायचं, एवढंच तर आहे. जिल्हा परिषदेत तीस वर्षं फायली चिकटवल्या. रिटायर होऊन दोन महिने झाले, हात रिकामेच आहेत.

मोजमापाची पद्धतही शोधली. यशोदा निवृत्त प्राथमिक शिक्षिका. तिने मागे बसून नेहमीच्या आवाजात पाढे म्हणायचे, मी पुढे ऐकायचे. ऐकू आले तर पास.

आज पहिली टेस्ट. आरशात ओठ हलताना दिसले. ऐकू शून्य.

१६ मार्च, रविवार

गाडीत पायांखाली घरातल्या दोन जुन्या सतरंज्या घड्या करून अंथरल्या. फरक जाणवला. सेवाग्राम रोडवर अॅक्सिलरेटर सतरंजीत अडकला, गाडी आपोआप पळायला लागली. तेवढ्या वेळात यशोदाचा आवाज अगदी स्पष्ट ऐकू आला. पण ते पाढे नव्हते, त्यामुळे टेस्ट धरता येणार नाही.

एक सतरंजी काढली.

५ एप्रिल, शनिवार

मोठं पाऊल. गच्चीच्या लिकेजसाठी आणलेली डांबरी पट्टी माळ्यावर पडून होती. मोतीलालच्या शीटही डांबराच्याच दिसतात. वस्तू एकच, दुकान वेगळं. छताचं कापड खाली ओढून आत सगळीकडे पट्टी मारली, कापड पुन्हा खोचलं. दाबून दाबून अंगठे सुजले.

टेस्ट: सातचा पाढा बऱ्यापैकी ऐकू आला. सात सक बेचाळीसनंतर गेला. यशोदा म्हणते तिने तिथेच सोडला होता. काही असो, मी रोहण्याला फोन केला. जावईबापूंना म्हटलं, वीस तारखेला येतो, आईंना सांगा, गाडी आता गाडी राहिली नाही. अनय म्हणाला, सांगतो बाबा.

किती दिवसांनी बरं वाटलं.

२० एप्रिल, रविवार

लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.

सकाळी लवकर निघायचं होतं. यशोदाचं डिंकलाडवांचं राहिलं, ऊन चढलं. वर्ध्याचं एप्रिलमधलं ऊन मी जन्मभर पाहिलंय. पण ते बाहेर असतं, आपण आत असतो. गाडीचं छत बाहेर असतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पुलगाव ओलांडलं आणि टप्. मांडीवर. मग चष्म्यावर. कापडातून डांबर गाळलेल्या चहासारखं खाली यायला लागलं. यशोदाने डिंकलाडवांवर पदर धरला, माझ्यावर नाही. रोहण्यात उतरलो तेव्हा पांढरा शर्ट, नवीन, आणि मी, दोघेही ठिपक्याठिपक्यांचे.

व्याहीणबाई दारात ओवाळायला तबक घेऊन उभ्या. त्यांनी तबक तसंच धरून माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, अगं बाई, रस्त्याचं काम करून राह्यले का व्याहीबुवा?

मी म्हणालो, आवाज मात्र कमी झालाय. चारुता माझ्या कपाळावरचं डांबर खोबरेल तेलाने पुसत होती आणि खालचा ओठ चावत होती. हसू दाबत होती की काय, कळलं नाही. बाबा, मी उद्या येते, म्हणाली.

येताना मागची सीट रिकामी. जिच्यासाठी गेलो, ती सोडून बाकी सगळं घेऊन परत आलो.

२१ एप्रिल, सोमवार

चारुता आली. एसटीने. अनय सोबत. खिडकीशी बसून वर्ध्यापर्यंत झोपली म्हणे, स्टँडवर अनयला तिला उठवावं लागलं. एसटीचा आवाज म्हणजे काय असतो! काचा, बाक, घंटी, कंडक्टर. त्यात ही झोपली.

यशोदा माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, एसटीचा आवाज खोल असतो, आपला पातळ आहे. पोर घरी आली, आनंद आहे. पण माझ्या गाडीतून आली नाही, हे टोचत राहतं.

१५ जून, रविवार

नात झाली. सेवाग्रामच्या दवाखान्यात, दोघी सुखरूप.

तपशील: सकाळी कळा सुरू झाल्या तेव्हा गाडीच्या सीट गच्चीवर होत्या. डांबर खरवडण्यासाठी काढल्या होत्या. डॉक्टरांची तारीख अजून दहा दिवस पुढची, मी त्या हिशेबाने काम करत होतो. यशोदा काय बोलली ते लिहीत नाही. ऑटो बोलावला. त्यात चढताना चारुताने मोकळ्या गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्या अवस्थेतही हसली. मी स्कूटरवर मागे. सिमेंटच्या रस्त्यावर ऑटो केवढा उडत होता! प्रत्येक उडीला माझा जीव वर यायचा.

नात माझ्यासारखी दिसते. कपाळ तर हुबेहूब.

२९ जून, रविवार

चारुताला सहज म्हणालो, परत जाताना गाडीने सोडीन, तोवर एकदम सायलेंट होईल. ती बाळाला थोपटत म्हणाली, नको बाबा, एसटीनेच जाऊ आम्ही.

आम्ही. म्हणजे आता नातही.

रात्रीच्या जेवणाला बसलो नाही. पोटात गॅस होता.

नवीन योजना. खरा आवाज दारांमधून येतो. दारं आतून पोकळ. पोकळ डबा वाजतो. भरला की वाजत नाही. बाळाच्या गादीसाठी व्याही बापूरावांनी गाठोडंभर कापूस पाठवलाय. भाव वाढेल म्हणून त्यांच्या पुढच्या खोलीत अजून पडून आहे, त्यातलाच. एवढ्याशा बाळाला एवढी गादी कशाला? अर्धा घेतला. चारही दारांचे पुठ्ठे काढून ठासून भरला. यशोदा झोपली होती. कापसाच्या जिल्ह्यात राहून हे आधी कुणाला सुचलं नाही, याचं आश्चर्य वाटतं.

६ जुलै, रविवार

कापूस उत्तम. दार लावलं की थडाम नाही, थप् होतं. मी दिवसातून पाचसहा वेळा लावून बघतो. मागच्या काचा आता खाली होत नाहीत. धूळ येत नाही, फायदाच.

यशोदा विचारत होती, गाठोडं हलकं कसं लागतं. म्हणालो, कापूस बसतो.

२० जुलै, रविवार

बारसं. रोहण्याची मंडळी आली. मी गाडी मुद्दाम फाटकासमोर लावली, धुऊन. गेले काही दिवस पाऊसही बरा झाला.

बापूराव चपला काढता काढता थांबले. वाकले. दाराखाली बोट घालून काहीतरी चाचपलं. मग सगळ्यांदेखत म्हणाले, व्याहीबुवा, दारात कपाशी काऊन पेरली?

पाणी निघून जायला दाराच्या खाली जी भोकं असतात, त्यांतून हिरवे कोंब बाहेर आले होते. दोन-दोन पानांचे, चांगले तरारलेले. कापूस सरकीसकट होता. सरकी काढायची असते, हे मला माहीत आहे. कुणाला माहीत नाही? पण मी त्याच्याकडे कापूस म्हणून बघतच नव्हतो, साउंडप्रूफिंग म्हणून बघत होतो.

बापूराव म्हणाले, उगवन चांगली हाये, विरळणी करून घेजा. अख्खा मांडव हसला. व्याहीणबाई डोळे पुसत होत्या. चारुता आतून बाळ घेऊन आली, बापूरावांनी तिलाही कोंब दाखवले, तीही हसली. बाळाच्या कानात नाव सांगितलं तेव्हा मी मागे उभा होतो, मला नीट दिसलं नाही.

गादीच्या कापसाचा उलगडा यशोदाला तिथेच झाला.

जाताना व्याहीणबाईंनी सांगितलं, पोळा झाला का सुनेले धाडा, महालक्ष्म्या बसायच्या आत घरची लक्ष्मी घरी पाहिजे. एसटीनं धाडा, हेही सांगितलं.

२१ जुलै, सोमवार

मोतीलालकडे गाडी टाकली. म्हणालो, सगळं कर. खाली, वर, दारं, डिक्की. मला काही विचारू नको. त्याने दार उघडून आत बघितलं आणि म्हणाला, साहेब, हे निंदून देऊ का उपटून? याच्याशीही हसून बोलावं लागलं.

चारुताला सांगितलं, एकदा, फक्त एकदा बस. पाठवणीला तुला त्या खडखडाटात नेलं, ते माझ्या डोक्यातून जात नाही. नवी नवरी होतीस. ती काहीतरी बोलणार होती, पण बाळ उठलं. मग म्हणाली, बरं बाबा, गाडीने जाऊ. ही विनवणी नव्हती. मी दोनदाच म्हणालो. फार तर चारदा.

१७ ऑगस्ट, रविवार

गाडी मिळाली. दार लावलं आणि जग बंद झालं. रस्ता आहे की नाही, पायांना कळत नाही. यशोदाला मागे बसवून जाम गावापर्यंत टेस्ट घेतली. पहिल्यांदाच सगळं ऐकू आलं. ती पाढे म्हणत नव्हती. गाडी विका, गाडी विका, असं म्हणत होती. मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, मार्चपासून.

तरीही पास. पूर्ण पास. मी गाडी बाजूला घेऊन जामच्या टपरीवर दोन चहा सांगितले. डोळे भरून आले होते. नवीन शीटचा वास उग्र असतो.

२४ ऑगस्ट, रविवार

चारुताला सोडून आलो.

ती आणि बाळ मागे, यशोदा पुढे. कॉलनीतल्या बायकांनी ओटी भरली, बाळाच्या गालाला तीट लावली. निघालो. काय गाडी! पूल येऊन गेला, कळला नाही. बाळाचा श्वास ऐकू येत होता. मी आरशात चारुताकडे बघून विचारलं, काय, कशी आहे? ती म्हणाली, छान आहे बाबा. एवढ्या एका वाक्यासाठी सहा महिने गेले. गेले ते बरे गेले.

पुलगावच्या अलीकडे आवाज आला.

मागून. डावीकडून. अगदी बारीक, थांबून थांबून येणारा. खड्ड्याशी संबंध नाही, वेगाशी नाही. हळू घेतली, तरी येतोच. मोतीलालने मागच्या डाव्या दाराचं रबर नीट बसवलेलं नाही, हे तत्काळ ओळखलं. यशोदाला म्हणालो, ऐक, ऐक, येतोय ना? तिने माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, चालवा तुम्ही.

असं कसं चालवा? बाभळीखाली गाडी घेतली, उतरलो, मागून वळसा घालून डावं दार उघडलं.

चारुता रडत होती. पदराचा बोळा तोंडात धरून, बाळ उठू नये म्हणून. मला बघून तिने पदर काढला. म्हणाली, काही नाही बाबा. माहेराहून निघताना होतं असं. म्हणाली, लग्नातही रडतच गेले होते, तुम्हाला ऐकू गेलं नाही, बरं वाटलं होतं मला.

मी रबर दाबून बघितलं. सगळीकडून दाबलं. रबर ठीक होतं. दार लावलं. थप्.

पुढचा सगळा रस्ता ऐकू येत होतं. मी एसी वाढवला. विनाकारण हॉर्न वाजवला, तर बाळ दचकलं. रोहण्यात व्याहीणबाईंनी भाकरतुकडा ओवाळला, गाडीत बसून बघितली, म्हणाल्या, वा, आता गाडी झाली. मी हो म्हणालो.

येताना सगळ्या काचा उघड्या ठेवल्या.

२५ ऑगस्ट, सोमवार

मोतीलालला फोन. शीट काढता येतात का, विचारलं. सगळ्या नाही, मागच्या सीटच्या बाजूच्याच. त्याला वाटलं, काही बिघडलं. म्हणाला, काऊन साहेब, आवाज येते का? म्हणालो, येतो. म्हणाला, साहेब, थ्या शीट आता निघत नाई, पत्र्याले एकजीव झाल्या.

ठीक आहे.

दिवाळीला तिला आणायला जायचंच आहे. येताना ती रडत नाही. तेव्हा ठरलं. आणायला आपली गाडी. सोडायला एसटी.