मुद्दाम चुकलेली गणितं

वडनेर भोलजी,
१८ जानेवारी

प्रिय संजीवनी,

महेजबीनला गणितांची वही आवडली का, असं तू दोनदा फोनवर विचारलंस. दोन्ही वेळा मी म्हणाले, आवडली, सोडवते कधीमधी. खोटं बोलले. तेव्हा ती वही माझ्या कपाटात, जुन्या हजेरीपटांखाली होती.

ऑगस्टमध्ये तू मेहकरहून आमच्या शाळेत आलीस आणि माझ्याच चौथीच्या वर्गावर नमुना पाठ घेतलास, त्या दिवसापासून हे सुरू झालं. सात मैत्रिणींनी एकमेकींशी एकेकदा हात मिळवला, तर एकूण किती वेळा, असं तू विचारलंस. महेजबीननं, शिवणकाम करणाऱ्या जुनेदभाईंच्या पोरीनं, फरशीवर खडूनं सात ठिपके काढले, रेघांनी जोडले आणि म्हणाली, "एकवीस." तू तिच्याशेजारी उकिडवी बसलीस. "कसं सुचलं गं?" असं विचारलंस. तिसरीपासून ती माझ्या वर्गात होती, मी हे एकदाही विचारलं नव्हतं. सगळे शिक्षक तुझ्याकडे कौतुकानं बघत होते आणि मी नुसती जळत होते. डी.एड.ला असतानाही असंच व्हायचं. मी पाठ करायचे, तुला समजायचं.

आठ दिवसांनी टपालानं तुझी वही आली. चाळीस गणितं, तुझ्या अक्षरात, वर महेजबीनचं नाव. महेजबीन रोज विचारायची, "मॅडम, त्या मेहकरच्या मॅडम पुन्हा कवा येतीन?" वही मी कपाटात टाकली.

ती नेहमी सगळ्यांच्या आधी गणितं संपवायची. मग मी तिला मागे पडलेल्या मुलांच्या वह्या तपासायला द्यायचे. पालकसभेत तिला माझा उजवा हात म्हणायचे. जुनेदभाई खूश व्हायचे. मीही.

डिसेंबरच्या चाचणीत तिला वीसपैकी अकरा पडले. तुला खरं सांगते, लाल पेनानं फुल्या मारताना मला बरं वाटलं. म्हटलं, बघ संजीवनी, तुझी हुशार पोर! मग पेपर पुन्हा पाहिला. नऊ उत्तरं चुकलेली, आणि प्रत्येक उत्तर नेमकं एकानं जास्त.

मधल्या सुट्टीत तिला बोलावलं. "काऊन गं, मुद्दाम चुकली?"

तिनं रिबिनीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "सगळं बरोबर आलं का तुम्ही मले वह्या तपासाले देता. मंग माह्यासाठी काईच नसते."

मी कपाट उघडलं. वहीवर आपलं नाव वाचून तिनं विचारलं, "हे कवा आली?" ऑगस्टमध्येच आली, मीच दिली नाही, असं मी सांगितलं. ती दाराजवळच फतकल मारून बसली आणि पहिलं गणित वाचू लागली. तिची खिचडी गार होऊन गेली.

महिन्याभरात तिनं सोळा सोडवली. सतराव्याशी अडली, तेव्हा वही माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "मॅडम, आपण दोघी करू ना." तुझं नाव तिनं काढलं नाही. मी तीन दिवस ते गणित उलटसुलट करून पाहिलं. मला येत नाही, संजीवनी.

तुला फोन लावून तिच्या हातात दिला असता, तर पाच मिनिटांत सुटलं असतं. दोनदा फोन हातात घेतलाही. माझ्याच्यानं होत नाही. म्हणून हे पत्र. तिला नको, मला शिकव. येत्या रविवारी खामगाववरून मेहकरची पहिली एसटी धरून मी तुझ्याकडे येते आहे. सतरावंच नाही, चाळीसच्या चाळीस समजावून सांग. कॉलेजात तुला विचारायची लाज वाटली ते सगळं या वेळी विचारणार आहे. रागावली असशील तर आधी राग काढ, पण शिकव. सोमवारी ती पोरगी वही घेऊन येईल, आणि ती माझ्याकडेच यायला हवी.

अजून तुझ्यावर जळणारी, तरी तुझीच,
जयमाला