कारभाऱ्याची लढाई

ग्योतोकु,
जपान, २० ऑगस्ट २००६

तीर्थरूप अण्णा,

नमस्कार. इथे ऑफिसात दिवसभर वाकून वाकून कंबर मोडते, तरी तुमच्यासाठी एक नमस्कार राखून ठेवलाय.

तुमचं पत्र मिळालं. गणपतीच्या मखराचं काम यंदा तुम्ही स्वतः करताय हे वाचून काळजी वाटली. स्टुलावर चढू नका. कोणालातरी हाताशी घ्या.

मी बरी आहे. उकाडा मुंबईसारखा, फक्त घामाबद्दलसुद्धा कोणी मोठ्याने बोलत नाही. काम तेच दुभाष्याचं, जपानी साहेब काय म्हणाले ते आपल्या पोरांना सांगायचं आणि आपली पोरं काय म्हणाली ते गोड करून साहेबांना. शशांक कामात आहे. जावई फोनवर येत नाही म्हणून तुम्ही रागावलात, पण त्याच्या वेळा विचित्र असतात. तुमची चौकशी त्याच्यापर्यंत पोचवीन.

बाकी काय लिहू? काल कोन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, जेवणाचा डबा घेतला. तिथली मुलगी विचारते, चॉपस्टिक किती जोड? मी दोन म्हणाले. घरी आता ढीग झालाय.

एक गोष्ट मात्र तुम्हाला आवडेल, इतिहासाचे मास्तर ना तुम्ही! आमच्या खालच्या मजल्यावर सेगावा-सान म्हणून आजोबा राहतात. ऐंशीच्या घरात, एकटेच. कचरा वेगवेगळा करताना मी बाटल्यांची झाकणं काढली नव्हती, ती त्यांनी न बोलता काढली. तिथून ओळख. त्यांची नातवंडं अमेरिकेत, जपानी वाचता येत नाही. म्हणून आपल्या पणजोबांची हकीकत ते मला सांगतात आणि मी ती इंग्रजीत लिहून काढते. रविवारची सकाळ त्यात जाते. बरं वाटतं.

हे पणजोबा, सेगावा जिनएमोन, उत्तरेकडच्या एका लहानशा संस्थानाचे कारभारी. तलवार कमरेला, पण आयुष्य गेलं दरबारात. याची समजूत घाल, त्याला थोपव, कोठारात तांदूळ किती ते बघ. १८६८ साली नव्या सरकारची फौज उत्तरेकडे निघाली तेव्हा भर दरबारात हे एकटे म्हणाले, "लढू नका. आपल्या बंदुका आजोबांच्या काळच्या आहेत." तरण्या सरदारांनी त्यांना भित्रा म्हटलं. लढायचं ठरलं. आणि अण्णा, सेनापती कोणाला केलं असेल? यांनाच! लढाई नको म्हणणाराच पुढे असला की फितुरीची कुजबुज बंद होते, हा हिशोब.

मी विचारलं, "त्यांनी 'नाही' का म्हटलं नाही?"

सेगावा-सान म्हणाले, "नाही म्हटलं असतं तर एखादा उत्साही माणूस नेमला असता."

पुढचं पुढच्या पत्रात. मोदक कोणी करून दिले ते कळवा.

तुमची,
सुमेधा


ग्योतोकु,
९ ऑक्टोबर २००६

तीर्थरूप अण्णा,

नमस्कार. आज इथे सुट्टी आहे. कालच सेगावा-सानांबरोबर त्यांच्या गावाहून परत आले. त्यांना एकट्याने प्रवास झेपत नाही. मला म्हणाले, येशील का? मी लगेच हो म्हटलं. मला असं कोणी विचारून फार दिवस झाले होते.

तर सेनापतींचं पुढे काय झालं ते आधी सांगते.

कारभारी चांगला लढला, अण्णा. नदीवरच्या पुलापाशी त्याने मोठ्या फौजेला पाऊस थांबेपर्यंत अडवून धरलं. मग पूल गेला, मग वेशीबाहेरची वस्ती जळाली आणि शेवटी उरला किल्ला. जिनएमोननी शरण जायचं ठरवलं आणि गाव वाचवलं. राजाला माफी मिळाली, यांना पुन्हा कसलंही पद मिळालं नाही. काही वर्षांनी तोक्योहून नव्या सरकारने नोकरी देऊ केली, पण ते गेले नाहीत. त्याच गावात तुतीची झाडं लावून राहिले. समोरून आले की लोक गल्ली बदलायचे. बायको आधी वारली, मग फार वर्षं एकटेच. सेगावांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच समज, की शरण गेले म्हणून गावाने त्यांना वाळीत टाकलं. सेगावा-सानांनी तरुणपणी गाव सोडलं तेही याच रागाने. "ज्यांची घरं वाचवली, तेच तोंड फिरवतात," असं ते मला कितीदा म्हणाले असतील.

यंदा गावच्या देवळात लढाईतल्या मृतांसाठी प्रार्थना होती. आजोबांना पणजोबांची बाजू एकदा सगळ्यांसमोर मांडायची होती. ते बोलले. लोकांनी शांतपणे ऐकलं. नंतर एक बाई पुढे आल्या. साठीच्या, हातात चहाचा ट्रे. त्यांचे पणजोबा त्या लढाईत गेले, घरी तान्हं मूल होतं.

त्या म्हणाल्या, "सेगावा-सान, ते शरण गेले याचा आमच्या घरी कधीच राग नव्हता. एक दिवस उशिरा गेले, त्याचा होता. आमचा माणूस त्या शेवटच्या दिवशी गेला."

मी आजोबांकडे बघितलं. मला वाटलं, आता चिडतील. पण ते म्हणाले, "त्यांनी आदल्या संध्याकाळीच ठरवलं होतं. राजाचा होकार यायची वाट बघत राहिले. जन्मभर दरबारात काढलेला माणूस. विचारल्याशिवाय पाऊल टाकायची सवय नव्हती." आणि ते कमरेत वाकले ते वाकलेच. बाईंच्या हातातला ट्रे मी घेतला. मग त्यांनीच आजोबांना दंडाला धरून उठवलं. "चहा गार होतोय," म्हणाल्या. आम्ही तिघं देवळाच्या पायरीवर बसून चहा प्यायलो. त्या घराने सेगावांना चहा देण्याची ही पहिलीच वेळ.

परतीच्या गाडीत आजोबा म्हणाले, "इंग्रजीत तेही लिही. एक दिवस उशीर झाला, असं. नातवंडांना खरं कळू दे."

ते झोपले. मी खिडकीकडे तोंड करून बसले आणि अण्णा, मला रडू आवरेना.

शशांक इथे नाही. एप्रिलमध्येच सिंगापूरला गेला. तिथे नोकरी घेतली. भांडण झालं असतं तर तुम्हाला सांगायला सोपं गेलं असतं. त्याने विचारलं, "येतेस का?" दिवा घालवू का, असं विचारावं तसं. मी नाही म्हणाले. त्याने पुन्हा विचारलं नाही, आणि मी गप्प राहिले. आम्ही बरीच वर्षं असेच बोलत होतो, फक्त घर एक होतं. आता कागदोपत्री वेगळं व्हायचं आम्ही दोघांनी ठरवलंय. तो वाईट माणूस नाही. त्याच्यावर रागावू नका.

तुम्हाला रोज सांगणार होते. तुमचं ब्लडप्रेशर, आत्याचा स्वभाव, सणवार, काही ना काही आडवं घातलं. खरं म्हणजे तुम्ही "चालेल, बाळ" म्हणाल तेव्हाच ते खरं होईल, असं काहीतरी मनात होतं. पण ते झालेलं आहे, अण्णा.

दिवाळीला "दोघं या" असं तुम्ही लिहिलंय. मी एकटी येतेय. भाऊबीज झाली की परत येईन, कारण माझं काम इथे आहे आणि ते मला आवडतं. घर रिकामं आहे, संध्याकाळी फार रिकामं असतं, पण ते माझं आहे. आत्याला काही बाही सांगू नका. मी सांगेन.

फोनवर हे बोलता आलं नसतं, म्हणून लिहिलं. पत्र मिळालं की लगेच फोन करू नका, एक रात्र जाऊ द्या. मी घरी आले की समोर बसवा आणि काय विचारायचं ते विचारा. मी कामात आहे, असं म्हणणार नाही.

तुमचीच,
सुमेधा