लाल दिवा आणि वरची मास्तरीण

४ मार्च, सकाळ
…चहा उकळत ठेवला, केर काढला, फोन साखरेच्या डब्याला टेकवून लांब राहणाऱ्या लेकीशी व्हिडिओवर बोलत होते. ती म्हणाली, आई, आता बाबांचे कपडे कुणाला तरी देऊन टाक. म्हटलं, कोट कसा नवाकोरा आहे, दाखवते थांब. ह्यांचं कपाट उघडलं आणि फोन तुटला. इंटरनेटच्या डब्यावर लाल दिवा.
संशय : वरची मास्तरीण. जिन्यातल्या पेटीत तिची नि माझी वायर शेजारीशेजारी. कपाटाला हवा लागू दिली, दुपारी बंद केलं. दिवा हिरवा. घाबरली असणार.

७ मार्च
आजही ऐन लेकीला कोट दाखवायला कपाट उघडलं आणि लाल. डब्याची पुस्तिका शब्दकोश घेऊन वाचली. काचेच्या धाग्यातून प्रकाश येतो. तो यायचा थांबला की लाल दिवा लागतो. कुणी थांबवला ते छापलेलं नाही. मला ठाऊक आहे.

८ मार्च
पेटीखाली पीठ पसरलं. दुपारी पाऊल उमटलेलं! माझ्याच चपलेचं. म्हणजे बया माझी चप्पल घालून आली. पक्की आहे.

९ मार्च, दुपार
कंपनीचा माणूस आला. दिवा हिरवागार. म्हणाला, काकू, सगळं ठणठणीत आहे. जाताना मास्तरिणीने त्याला पाणी दिलं. सामील!

१० मार्च
लेकीचा मेसेज : मी विषय काढला की तू फोन तोडतेस. ठीक आहे, नाही करत मी फोन.
उद्या मास्तरिणीला रंगेहाथ पकडायचीच.

११ मार्च
कपाट उघडलं, लाल दिवा लागला, कंपनीला फोन केला. मास्तरिणीने वीज तोडली असेल, म्हटलं. माणूस म्हणाला, नाही काकू, वीज गेली तर डबा विझता विझता आम्हाला कळवतो, मी चाललो म्हणून. तुमच्याकडून तसं काही आलं नाही.
ह्यांनी जाताना तेवढंही कळवलं नव्हतं.
तो आला. कपाटाच्या दारामागे डोकावला. उघड्या दाराने वायर भिंतीशी दाबून दुमडली होती. दार लावलं, हिरवा. उघडलं, लाल. म्हटलं, दार मास्तरिणीने उघडलं नसेल कशावरून? बोलून झाल्यावर माझं मलाच ऐकू आलं.

१२ मार्च
कोट बाहेर खुंटीला अडकवला. कपाट बंद केलं. मास्तरिणीला चहाला बोलावलं. पिठावरून येऊ की बाजूने, म्हणाली. मग लेकीला मीच फोन लावला आणि कोट दाखवला.