दोन मुंग्यांचा एक कोळी

ता. ९, दुपार

प्रिय ताई,

तुला आणि दाजींना नमस्कार. पण पुन्हा तेच लिहिलंस ना? "तुझ्या पायाला भिंगरी आहे, हेही काम सोडशील." मी कुठलंही काम उगाच सोडलं नाही. गोदामात मालक शिव्या द्यायचा, हे तुला तेव्हाच कळवलं होतं. तुला ते आठवणार नाही.

इथलं काम बसून करायचं आहे, किड्यांचा अभ्यास करणाऱ्या एका सरांकडे. जंगलातल्या सापळ्यांमधले किडे स्पिरिटच्या बाटल्यांतून येतात. ते ताटलीत ओतून भिंगाखाली निवडायचे, तू तांदूळ निवडतेस तसे. मुंग्या इकडे, कोळी तिकडे. शेजारी इथले एक जुने, वयस्कर काका बसतात. त्यांनीच मला शिकवलं. स्वतःच्या डब्यातलं अर्धं मला देतात आणि वर म्हणतात, "खा, नाहीतर भिंगाखाली तुलाच शोधावं लागेल."

यात एक सोंगाड्या कोळी असतो. हुबेहूब मुंगी. कोळ्याचं अंग दोन भागांचं, पण याची कंबर अशी आवळलेली की तीन भाग वाटतात. पाय आठ, त्यातले पुढचे दोन मिशांसारखे वर धरतो. नराचे जबडे तर इतके लांब, की एक मुंगी दुसरीला तोंडात धरून निघालीय असंच वाटतं. कूळ मात्र उड्या मारणाऱ्या कोळ्यांचं. समोरचे दोन टपोरे डोळे बघितले की ओळखू येतो.

बघितले तर.

एका बाटलीतले सगळे नर मुंग्यांत गेले, तेही एकेक नर दोन मुंग्या म्हणून मोजला. सरांनी ते आकडे बाहेरच्या तज्ज्ञांना पाठवले आणि त्यांचं हसं झालं. बाटलीवर तपासणाऱ्याची सही काकांची. काल सर सगळ्यांसमोर त्यांना म्हणाले, "डोळे गेलेत तुमचे. सोमवारपासून येऊ नका."

काका म्हणाले, "बरं."

मी मान खाली घालून बसलो. ताई, काकांना ठाऊक आहे ती ताटली कुणाची होती. जिन्यात माझा दंड धरून म्हणाले, "तू तोंड उघडायचं नाहीस. मला आता कुठे जायचंय?" त्यांच्या घरी खाणारी पाच तोंडं आहेत, हे मला माहीत नाही असं त्यांना वाटतं.

आत्ता ते शेजारीच बसलेत, चष्मा पुसून पुसून काम करतायत. सर चार वाजता येतात. ते आले की उठून सांगणार आहे, काका कितीही रागावले तरी. त्यानंतर इथे मला कोण ठेवणार?

तू दार उघडशील ना?

तुझा,
धाकटा

ता. क. परतीचं भाडं बाजूला काढलंय. उरलेले नऊशे पाठवतोय.