तीन गोलांनंतरचा सभ्यपणा

आदरणीय भाऊजी यांस,
तक्रारपूर्वक नमस्कार.

आज सकाळी आपण माझा घोर अपमान केलात. काल टीव्हीवर तुमच्या लाल टीमने आमच्या निळ्यांना तीन गोल घातले, तरी तुम्ही मला चिडवलं नाहीत! आपला इतक्या वर्षांचा रिवाज काय? हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा मफलर गळ्यात घालून फ्रीगंजच्या बाजारात चारचौघांत पोहे खायचे. मी मान पुढे करून उभा होतो, आणि तुम्ही म्हणालात, "रहने दो पंडितजी, तुझा गोलकीपर छान खेळला."

तीन गोल खाऊन? ही खिलाडूवृत्ती कुठल्या शास्त्रात बसते, मला तरी समजेना.

मग तुमचा तो लाडका लाल मफलर माझ्या हातात ठेवलात. "आता तुझ्याकडेच राहू दे."
"आणि पुढच्या मॅचला तुम्ही काय गुंडाळणार?"
तुम्ही नुसते हसलात.

तुमच्या घरी जाऊन जयूताईला विचारलं, भाऊजींच्या इंदूरच्या तपासण्यांचं काय झालं? ती म्हणाली, "चहा घेणार?"

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, कारण तुम्ही खरं उत्तर द्याल. भाऊजी, तुमचा आजार मोठा आहे आणि माझ्यापासून लपवताय, असं वाटतंय. मला फार भीती वाटते.

चिडवून घ्यायला तयार असलेला,
तुमचा मेहुणा श्रीधर