अप्पांची गाडी भंगारात देण्याबाबत

भवानी पेठ, सोलापूर
मंगळवार

तीर्थरूप अण्णांना धाकट्या शिवानंदचा साष्टांग नमस्कार. (कागदावरच घालतो आहे. किक मारून मारून कंबर धरली आहे. खरोखर घातला तर उठवायला माणूस बोलवावा लागेल.) वहिनींचे गुडघे, तुमचे पथ्य आणि माळशिरसचा ऊस सगळे ठीक असेल, असे धरून चालतो.

पत्रास कारण, अप्पा गेल्यावर तुम्ही मोठ्या मनाने, "शहरात उपयोगी पडेल" म्हणत, त्यांची जी मोटारसायकल माझ्या गळ्यात मारलीत, तिचा उपयोग मी आता पुरेपूर करून घेतला आहे. आमच्या सौ. शिवलीलेने रविवारी भंगारवाला बोलावला आहे. गाडी तुमच्या नावावर, म्हणून त्याला तुमच्या सहीची चिठ्ठी हवी. ती तेवढी रविवारच्या आत पाठवावी.

गाडीचा स्वभाव सांगतो. घरून निघताना ती एका किकमध्ये चालू होते. नवी पेठेत, जिथे ओळखीची निदान चार माणसे उभी असतात, तिथे बंद पडते आणि मग आमच्या प्राचार्यांनी लेखी आदेश काढला तरी चालू होत नाही. मी चोक ओढतो, प्लग पुसतो, गाडी आडवी करून पुन्हा उभी करतो. रिक्षावाले फुकट सल्ले देतात. कॉलेजच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत पंचवीस वर्षे सहायक असलेल्या माणसाला ज्ञान द्यायला सोलापुरात कुणीही चालते. मग ढकलत सिद्धराम मेस्त्रीकडे. तो आधी झाकण उघडून टाकीत पेट्रोल आहे का बघतो (माझ्या बुद्धीविषयी त्याचे मत असे आहे), झाकण लावतो, किक मारतो, आणि गाडी चालू! "गाडीला कायबी झालं न्हाय की सर, तुमालाच किक मारता येत न्हाय," हे तो चार गिऱ्हाइकांसमोर सांगतो. असे सहा वेळा झाले. सहाव्या वेळी शिवलीला रिक्षाने घरी गेली आणि रिक्षातूनच तिने भंगारवाल्याला फोन केला.

माझी सेवा कमी पडली म्हणाल, तर तसेही नाही. अप्पा दर सोमवारी गाडीला विभूती लावायचे, ते मी चालू ठेवले आहे. ते कोरडी बोटे फिरवायचे. मी पाण्यात कालवून टाकीच्या झाकणावर तीन जाड पट्टे ओढतो, वाऱ्याने उडू नये म्हणून. गाडी जास्त बिघडत गेली तशी मी विभूतीही वाढवली. तरी गुण नाही. तेव्हा सही पाठवाच.

आपला,
शिवानंद

ता. क. सही पाठवू नका. आज बुधवार. टाकीतले पेट्रोल काढून घ्यायला सिद्धरामला घरी बोलावले होते. झाकण बघून त्याने विचारले, "सर, ह्येला चुना कुणी लावला?" झाकणाला हवा आत जायला बारीक छिद्र असते, ते विभूतीने लिंपले गेले होते. हवा आत नाही म्हणून पेट्रोल खाली नाही. झाकण उघडले की सगळे सुरळीत. (नळीचे वरचे तोंड बोटाने दाबले की पाणी खाली पडत नाही, हा प्रयोग मी दरवर्षी अकरावीच्या मुलांना मांडून देतो. सिद्धरामला हे माहीत नाही.) त्याने टाचणी घातली. मी नवी पेठेतून दोन फेऱ्या मारून आलो. घराशी आलो तेव्हा आवाज ऐकून अप्पाच आल्यासारखे वाटले, इंजिन बंद करवेना. अण्णा, गाडी मला हवी आहे.

ता. क. दुसरा, आणि मुख्य. बिघाड कशाने होता, हे शिवलीलेला सांगण्याची माझी छाती नाही, आणि कारणाशिवाय ती भंगारवाल्याला नको म्हणणार नाही. तेव्हा रविवारी सकाळी आठाच्या आत फोन करा आणि कडक आवाजात सांगा की अप्पांची गाडी विकलेली चालणार नाही. ती फोन स्पीकरवर ठेवते (म्हणून तर हे पत्र), त्यामुळे मला तिची बाजू घेऊन तुमच्याशी भांडावे लागेल. मी बराच वेळ भांडेन, आवाजही चढवेन. कृपा करून मला हरवा.